प्रयोगशाळेतले पाहुणे

"त्याला हात लावण्याआधी नमस्कार करा, तो कोणाचा तरी बाप असेल."

आठवीच्या मुलांना नीलिमा आंबेरकर हे एकदाच सांगत. नंतर वर्षभर सांगावं लागत नसे. मुलं चपला दाराबाहेर काढून प्रयोगशाळेत येत. कोपऱ्यात लोखंडी आकड्याला टांगलेला सांगाडा असे. एकेक जण पुढे होऊन हात जोडी, कोणी हसू दाबत, कोणी खरंच घाबरून. मग बाई हातातल्या लाकडी पट्टीने बरगडी दाखवत आणि धडा सुरू होई.

मुलांनी त्याला पाहुणे हे नाव दिलं होतं. कोणत्या तुकडीने, ते आता कोणाला आठवत नाही. वेळापत्रकात विज्ञान लिहिलेलं असे, पण अस्थिसंस्था शिकवायची असली की सगळी शाळा त्याला पाहुण्यांचा तास म्हणे.

"बाई, पाहुण्यांना चहा विचारला का?"

"विचारला. साखर नको म्हणाले."

"बाई, हे मराठी मीडियमचे का?" बंटी नावाच्या एका मुलाने एकदा विचारलं होतं.

"छे रे. मराठी मीडियमचे असते तर इतके गप्प उभे राहिले असते का?"

वर्ग हसायचा. हसून झालं की एक शांतता पसरायची, आणि तिच्यात भिंतीवरून काहीतरी बारीक गळत असल्याचा आवाज ऐकू यायचा. ते मीठ असायचं.

खारवाडीची शासकीय माध्यमिक शाळा मिठाच्या गोदामात सुरू झाली. भाईंदर पूर्वेला, नवघरच्या पलीकडे खाडीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर तेव्हा मिठागरं होती, आणि त्यांच्या कडेला जाड भिंतींची एक लांब इमारत. पुढे मीठ दुसरीकडे साठवलं जाऊ लागलं, गोदाम रिकामं पडलं. मिठागरात राबणाऱ्यांची मुलं सातवीनंतर घरी बसतात अशी ओरड झाली, तेव्हा सरकारने त्या इमारतीत आडव्या भिंती घातल्या आणि आठवी, नववी, दहावी बसवली. पण जुन्या भिंतींनी वर्षानुवर्षं मीठ पिऊन ठेवलं होतं. कितीही चुना लावा, प्लास्टर करा, दिवाळीपर्यंत लोणा, म्हणजे भिंतीतला खार, वर यायचाच. पापुद्रे सुटायचे, बाकांवर पांढरी भुकटी बसायची. पहिल्या मुख्याध्यापकांची तसबीर, तिच्याखालची गुणवंतांची नावं, भारताचा नकाशा, सगळं खालच्या कडेपासून हळूहळू खाल्लं जायचं. जुने विद्यार्थी भेटले की सांगतात, आमच्या वह्यासुद्धा खारट होत्या. वह्या कोणी आणि का चाखल्या, हे विचारायचं नसतं.

पाहुणे आले ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. जिल्ह्याहून प्रयोगशाळेचं सामान घेऊन ट्रक आला. त्यात काचेची भांडी होती, तराजू होता, बरणीतला साप होता आणि एक लांबट पेटी होती. पेटी उघडल्यावर मुख्याध्यापकांनी नारळ फोडला म्हणतात. सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं, मानवी सांगाडा, एक नग. कुठून आला, कोणाचा होता, काही नव्हतं. इस्पितळात मेलेल्या बेवारस माणसांची हाडं अशीच शाळा-कॉलेजांत जातात, असं तेव्हा लोक बोलत. बोलून झालं की विषय बदलत.

नीलिमाबाई आल्या त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. गिरगावातली खोली सोडून त्यांनी आणि जितेंद्रने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, मिरा रोडला शांती नगरात छोटा फ्लॅट घेतला होता. जितेंद्र विमा कंपनीत होता. बाईंना सरकारी नोकरी लागली ती या शाळेत. शाळा तेव्हा भरून वाहत होती. मुंबई सोडून आलेल्या घरांतली मुलं, रत्नागिरी-रायगडहून पोटासाठी आलेल्यांची मुलं, नवघरच्या आगऱ्यांची मुलं, एका बाकावर चौघं, सकाळ-दुपार दोन पाळ्या. प्रयोगशाळेतसुद्धा एक तुकडी बसायची, आणि पाहुणे तिच्या मागच्या रांगेत उभे असायचे, दरवर्षी नापास होणाऱ्या मुलासारखे.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं होतं.

"मढ्याला शिवून आलीस ना? आधी आंघोळ."

"आई, ते शिकवायचं साधन आहे."

"साधन असो नाहीतर आणखी काही असो. मेलेलाच ना?"

बाईंनी आंघोळ केली. सासूबाई होत्या तोवर रोज केली. त्या गेल्यावरही काही महिने शाळेतून आल्या की पाय आपोआप न्हाणीघराकडे वळत.

हाडांवर मीठ बसायचं. फडक्याने पुसलं तर बोटांच्या सांध्यांत अडकायचं. बाईंनी घरातला दाढीचा जुना ब्रश आणला. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या पाहुण्यांना खांद्यापासून खाली झाडत.

"माझ्या ब्रशने परक्या पुरुषाला कुरवाळतेस," जितेंद्र म्हणायचा. "सोसायटीत कळलं तर काय सांगू?"

"सांग, तो तुझ्यापेक्षा कमी बडबडतो."

झाडताना त्यांना पाहुण्यांचा डावा हात सापडला. म्हणजे रोज दिसत होता, पण एका शनिवारी कोपराच्या खाली ब्रश अडला आणि त्यांनी बोटाने चाचपलं. हाड तिथे जाड होतं, किंचित वाकडं. कधीतरी मोडलं होतं आणि पुन्हा जुळलं होतं. कोणीतरी बांबूच्या कामट्या बांधल्या असतील. कोणीतरी महिनाभर त्याला भरवलं असेल. तोपर्यंत त्यांच्या लेखी तो माणसाचा सांगाडा होता. त्या दिवशी तो एका माणसाचा झाला. नमस्काराची पद्धत त्यानंतरची. पुढे प्रत्येक वर्गाला त्या ती गाठ दाखवायच्या.

"इथे मोडलं. मग जुळलं. मेलेल्या माणसाचं हाड जुळत नाही. म्हणजे हा मोडल्यानंतर जगला."

"किती वर्षं जगला, बाई?"

"ते हाडाला सांगता येत नाही."

दोन हजार पाचच्या जुलैत खाडी आणि आभाळ एक झालं तेव्हा प्रयोगशाळेत कमरेएवढं पाणी आलं. पाणी ओसरल्यावर पाहुण्यांच्या पायांची काही बोटं गेलेली होती. बाईंनी चिखलात हात घालून शोधली. थोडी मिळाली, त्यांतली काही दगड निघाली. त्यानंतर पाहुणे अर्ध्या पावलांवर लटकत राहिले.

सरूबाई आली त्यानंतर काही वर्षांनी, उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधली सुट्टी संपत आली होती. खिडकीच्या गजांपलीकडे एक म्हातारी उभी होती, डोक्यावर रिकामी पाटी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"काय पाहिजे, मावशी?"

"तू इज्ञानाची बाय ना?"

"हो."

"त्याचा हात मना दाखव."

तिची नात दिव्या आठवीत होती. पाहुण्यांचा तास झाल्यावर पोरीने घरी जाऊन सांगितलं होतं, शाळेतल्या सांगाड्याचा हात मोडून जुळलाय. ते ऐकून सरूबाईने त्या दिवशी भाजी अर्ध्या भावात विकून टाकली आणि नवघर रोडवरून चालत आली.

तिचा नवरा धर्माजी मिठागरात कामाला होता. बांधावरून घसरून त्याचा हात मोडला होता, गावातल्या हाडवैद्याने बसवला, वाकडा बसला. पुढे एका वर्षी ती बाळंतपणाला माहेरी, चेण्याला गेलेली असताना तो तापाने फणफणला. मुकादमाच्या माणसांनी त्याला मिठाच्या ट्रकमध्ये घालून मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेऊन टाकलं. नाव कोणी लिहिलं नाही, किंवा चुकीचं लिहिलं. सासरा शोधायला गेला तेव्हा उत्तर मिळालं की या नावाचा कोणी नव्हता, बिननावाचा एक होता, तो मेला, त्याला नेला. कुठे नेला ते सांगायला तिथे कोणाला वेळ नव्हता.

"मंग भावकीनं गवताचा बाहुला केला," सरूबाई खिडकीतून म्हणाली. "त्याला जाललं. मना म्हनले कुकू पूस. मी म्हनलं, गवत जललं त्यात माजं कुकू कशाला पुसू? गवत जलतंच."

"कोणता हात होता त्यांचा, मावशी?"

सरूबाईने स्वतःचा उजवा हात वर केला. बाईंनी मागे वळून पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांचा मोडलेला हात डावा होता. त्यांचं वळून पाहणं म्हातारीला कळलं असावं. ती डोळे मिटून पुटपुटली, मग म्हणाली, "समोर बसून जेवायचा ना तो. मी वाढायची. ह्या अंगाला यायचा त्याचा हात. माज्या ह्या अंगाला."

समोर बसलेल्या माणसाचा डावा हात आपल्या उजव्या अंगाला येतो. हे बाई मुलांना आरशाच्या धड्यात शिकवत असत. त्यांनी आकडा फिरवला, पाहुण्यांना खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि बाजूला झाल्या.

सरूबाई पाहत राहिली. मग पदराने तोंड पुसलं, पाटी डोक्यावर ठेवली आणि गेली.

त्यानंतर ती येत राहिली. रोज नाही. भाजी लवकर संपली की, गावात कोणाचं लग्न असलं की, दिवाळीच्या आदल्या दिवशी. शाळेने पहिल्यांदा कटकट केली, मग सोडून दिलं. बाई दुपारी खिडकीची दारं उघडी ठेवू लागल्या. शिकवताना पाहुण्यांना वर्गाकडे वळवत, शिकवून झालं की पुन्हा खिडकीकडे. नळावरच्या बायका सरूबाईला चिडवायच्या, "सरू, तुजा धर्माजी शालंत मास्तर झाला म्हनं. पगार आनतो का न्हाय?" हे ती स्वतःच हसत सांगायची.

"त्याई म्हनूं दे," ती म्हणायची. "मना एकच पायजे. त्याला आग द्यायची. मंग मी कुकू पुसंन. मंग मी बी मोकली."

बाईंनी एकदा मुख्याध्यापकांना विचारून पाहिलं होतं. सरकारी वस्तू आहे, बाहेर जाता येणार नाही, असं उत्तर आलं. मुख्याध्यापक बदलले, उत्तर तेच राहिलं.

मग ती दुपार. सरूबाईची खिडकीतली बडबड बाई कानाआड करत वह्या तपासत होत्या.

"शील घालायचा तो," म्हातारी ओठांचा चंबू करून दाखवत हसत होती. "पुढचा दात न्हवता ना त्याचा. लगीन झालं तवापासून न्हवता. त्या फटीतनं अशी शील यायची, बांधावर आला का मना घरान कलायचं. चुलीवर तवा ठेवायची मी."

ती गेल्यावर बाई उठल्या. उठायची गरज नव्हती. पाहुण्यांचा जबडा त्यांनी शेकडो वेळा झाडला होता. तरी त्या जवळ गेल्या, टॉर्च लावला. समोरचे दात सगळे होते, वरचेही आणि खालचेही. झिजलेले, पिवळट, एकमेकांना चिकटून उभे. मोडलेलं हाड जुळतं. पडलेला पक्का दात पुन्हा येत नाही. हेही त्याच धड्यात होतं.

पुढच्या खेपेला सरूबाई आली तेव्हा खिडकी उघडी होती आणि पाहुणे तिच्याकडे तोंड करून उभे होते. बाईंनी काही सांगितलं नाही. तिला मोतीबिंदू झाला होता, गजांपलीकडून तिला हाताचा आकार दिसत होता, दात दिसत नव्हते. त्याच्या पुढच्या खेपेलाही बाई बोलल्या नाहीत. अशी वर्षं गेली.

त्या दुपारपासून प्रयोगशाळेत दोघं राहू लागले. एक आकड्याला टांगलेला होता, त्याला नाव नव्हतं. दुसऱ्याला नाव होतं, पण तो तिथे नव्हता. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की खिडकीच्या तुटक्या काचेतून बारीक शीळ यायची. ती काच बदला, असा अर्ज बाईंनी दोनदा केला. मग सुताराला स्वतःच बोलावून पुठ्ठा ठोकून घेतला. त्यानंतरही त्या वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहीत असल्या की मध्येच थांबायच्या. मुलांना वाटायचं, बाई पुढचं विसरल्या.

"सांगून टाक," जितेंद्र म्हणाला होता. एवढी एक गोष्ट त्यांनी फक्त त्याला सांगितली होती.

"सांगितलं तर ती कुठे बघेल?"

"आणि नाही सांगितलंस तर? उद्या खरंच तिच्या ताब्यात मिळाला तर? परक्या माणसाला जाळून कपाळ पांढरं करेल ती."

"मिळणार नाहीये."

"मग तुला झोप का लागत नाही?"

बाईंनी कूस बदलली.

या काळात शाळा आटत गेली. गल्लोगल्ली इंग्रजी शाळा उघडल्या. गिरगावहून आलेल्यांची नातवंडं तिकडे गेली. तुकड्या एकेक करत बंद झाल्या, दुपारची पाळी गेली, रिकाम्या वर्गांत निवडणुकीचं सामान येऊन पडलं. उरली ती बांधकामावरच्यांची, घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं. ती आपसात हिंदी बोलायची आणि पाहुण्यांना 'मेहमान' म्हणायची. नमस्कार मात्र करायची. मग एक दिवस इंजिनिअर आले, भिंतींवर हातोडीने ठोकून गेले. इमारत धोकादायक ठरली. शाळा शांती नगरच्या बाजूला एका नव्या इमारतीत जाणार होती. तिथे प्रयोगशाळेत मोठा पडदा होता, त्यावर सांगाडा गोल फिरायचा आणि बोट लावलं की हाडाचं नाव बोलायचा. त्याच महिन्याच्या अखेरीला नीलिमाबाई निवृत्त होत होत्या.

जुन्या सामानातलं काय न्यायचं आणि काय भंगारात काढायचं हे ठरवायला तिघांची समिती नेमली. मुख्याध्यापक पंढरीनाथ वेखंडे, कारकून ममता आणि विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून बाई. वेखंडे भला माणूस होता, फक्त कागदाला भ्यायचा. भंगारवाला रामू बाकं, कपाटं, गंजलेले पंखे टेम्पोत भरत भरत प्रयोगशाळेपर्यंत आला आणि दारातच थबकला.

"मॅडम, ये असली है क्या?"

"हो."

"फिर हम नहीं उठाएगा. बाकी सब ले जाएगा, साप भी ले जाएगा. ये नहीं."

वेखंडेंनी खुर्ची ओढली आणि कपाळ चोळलं. "बाई, खरा म्हणून दाखवला तर पोलिसांना कळवावं लागेल. पंचनामा, मग इस्पितळ, मग तिथल्या गोदामात पडून राहणार. तुमची ती म्हातारी तोपर्यंत राहते का, सांगा."

"मग काय करायचं?"

वेखंडेंनी दाराकडे पाहिलं. "प्लास्टिकचा लिहायचा. प्लास्टिकचा सांगाडा, निरुपयोगी. शाळेतून बाद. मग तो कचरा झाला. कचरा तुम्ही कुठे नेलात ते मी विचारणार नाही. पण आजच. उद्या इमारत ताब्यात द्यायची आहे."

"सर, नुसतं निरुपयोगी चालणार नाही," ममता म्हणाली. "काय मोडलंय ते लिहावं लागतं."

"लिही. हात मोडलेला."

"कुठला?"

"अगं, डावा. मोडलाय ना त्याचा?"

ममताला हसू आलं. मग तिने बाईंचा चेहरा पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

बाईंनी तो कागद स्वतःकडे ओढला. जन्मभर त्यांनी मुलांना सांगितलं होतं की हा माणूस आहे. आता त्यांनी लिहून द्यायचं होतं की तो कधीच माणूस नव्हता, म्हणजे मग त्याला माणसासारखी आग मिळेल. आणि ती आगसुद्धा दुसऱ्याच्या नावाने. सही नाही केली तर सरूबाईच्या हाती काही लागणार नाही. केली तर लागेल, आणि ते धर्माजी नसेल. हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं.

त्यांनी सही केली.

निरोप गेला तसा सरूबाईचा दीर राघो रिक्षा घेऊन आला. गावाच्या मसणात त्याने लाकडं रचून ठेवली होती. बाहेरूनच ओरडला, "बाय, लवकर करा. आभाल आयलंय. लाकडं भिजली तं काय जलनार न्हाय."

बाईंनी घरून आणलेली धुतलेली चादर प्रयोगाच्या टेबलावर पसरली होती. सांध्यांच्या तारा पक्कडीने सोडवून त्यांनी हाडं एकेक करून तिच्यावर ठेवली होती, पायांकडून वर, जागच्या जागी, शिकवताना सांगायच्या त्याच क्रमाने. शेवटी कवटी.

सरूबाई आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खिडकीच्या आतून ती खोली तिला ओळखू येईना, ती बाकाला धडकली. ममताने हात धरून तिला टेबलापाशी आणलं. नवी साडी नेसली होती. कुंकू होतं. गळ्यातले काळे मणी तिने मुठीत धरले होते, तोडायच्या तयारीत.

"पाय तं अर्धेच हायेत," ती म्हणाली.

"पुरात गेले, मावशी."

"थंड लागतो."

तिची बोटं पायांवरून वर सरकत गेली, गुडघे, मांडीची लांब हाडं, कंबर, बरगड्या. ती काहीच चाचपत नव्हती, नुसती हात फिरवत होती, आजारी माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. डाव्या हाताशी आली. गाठीवर बोट थांबलं आणि तिचा चेहरा सैल झाला.

"इथंच," ती म्हणाली. "इथंच मोडलेला."

वेखंडे खिडकीकडे वळून उभे राहिले. ममता रडत होती. बाई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या, चादरीच्या कडेवर हात ठेवून.

सरूबाईची बोटं खांद्यावरून मानेकडे गेली, मग कपाळ, डोळ्यांच्या खाचा, गालाची हाडं. मग दात. एक, त्याच्या शेजारचा, त्याच्या शेजारचा. पुढच्या दातांवरून बोट गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. आणि तिथे थांबलं.

बाहेर रिक्षाचं इंजिन चालू होतं. राघो पुन्हा ओरडला, "वैनी, चल ना! कवाधरनं उभी हायेस!"

सरूबाईने बोट काढलं नाही. मुठीतले काळे मणीही सोडले नाहीत. पांढुरके डोळे तिने वर केले, जिथून बाईंच्या श्वासाचा आवाज येत होता तिकडे.

"बाय," ती हळू म्हणाली. "तू इतकी वर्सं त्याच्यासंगं हायेस. तूच सांग. हाच ना?"

वेखंडेंनी मान वळवून पाहिलं. ममता डोळे पुसायची थांबली.  नीलिमाबाईंनी म्हातारीचं बोट अलगद बाजूला केलं, चादरीची चारही टोकं वर घेऊन गाठ मारली, ते हलकं गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलं, आणि दाराबाहेर, राघोच्या रिक्षाकडे निघाल्या.